लाल पाटी

आमच्या टीमने चार वर्षांत एकही शर्यत जिंकली नव्हती. यंदा सीझनची पहिलीच शर्यत मी जिंकून देणार होते, आणि हे शाळेत आधीच सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं!

गो-कार्टमध्ये आमच्याकडे रेडिओ नसतो. ट्रॅकच्या कडेला उभा माणूस पाटी दाखवतो, बस. हिरवी म्हणजे चल. लाल म्हणजे तुझ्या इंजिनातून धूर येतोय, वेग कमी कर. माझी पाटी बाबा धरतात, कारण मी दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. ते रेल्वेत लोको पायलट आहेत. आमच्या घरी सिग्नलशी वाद घालायचा नसतो. आधी थांबायचं, मग विचारायचं.

शेवटच्या फेरीत मी सगळ्यात पुढे होते. मागे आमच्याच टीमचा शुभंकर. शेवटचं वळण आलं आणि बाबांनी लाल पाटी वर केली.

माझा पाय आपोआप उचलला गेला. शुभंकर सुसाट पुढे निघून गेला.

टीम जिंकली! वर्कशॉपची सगळी मंडळी नाचली, मीही नाचले. पहिला-दुसरा दोन्ही नंबर आमचेच की! मग इंजिन बघायला वाकले. ना धूर, ना जळका वास.

तेवढ्यात टीमचे मालक सुखदेवजींनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "वाह गुलाबरावजी, सही टाइम पे बोर्ड उठाया! टायर शुभंकर के पापा देते हैं, पहली जीत तो उसी की बनती थी।"

मी बाबांकडे बघितलं. "बाबा, धूर होता?"

"टीम जिंकली ना, उत्कर्षा."

"टीमचं नाही विचारलं. धूर होता का?"

"त्याच्या पप्पांनी हात काढून घेतला असता तर टीमच बंद पडली असती. मग तू काय चालवणार होतीस?"

"मग मला सांगायचं ना!"

"ऐकलं असतंस?"

"अजिबात नाही!"

"म्हणूनच."

"रेल्वेत दिला असता असा खोटा सिग्नल?"

बाबा स्कूटरची किल्ली शोधायला लागले. मी त्यांच्या हातातली लाल पाटी काढून घेतली.

घरी जाताना चौकात दिवा लाल झाला. बाबांनी स्कूटर थांबवली, अगदी रेषेच्या मागे. मी पाटी घेऊन उतरले आणि शेजारच्या ई-रिक्षात बसले.

"अगं, कुठे चाललीस?"

"घरीच. आईला पाटी धरायला शिकवायचंय."