आरशात चढणारी रेघ

मी मांगा बोलतोय. म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगणारं जाडजूड पुस्तक. माझ्यात एक हायस्कूल आहे, तिथे मोठ्या डोळ्यांची एक मुलगी शिकते आणि तिच्या गोष्टीतून वाचणाऱ्याला गणित कळावं अशी अपेक्षा आहे. पुस्तकं बोलायला लागली की मी ज्ञानाचा दिवा, मी माणसाचा सोबती असलं काहीतरी सांगतात. मी सांगणार नाही. माणसांबद्दल, त्यातही मोठ्या माणसांबद्दल, मला फारसं बरं बोलता येत नाही. का, ते ऐका.

माझा जन्म दूरच्या देशातला. तिकडे पुस्तक उजवीकडून उघडतात आणि चित्रंही उजवीकडून डावीकडे बघत जातात. ज्यानं मला काढलं त्यानं जीव ओतून काढलं होतं. माझी नायिका शाळेचा जिना चढते. एक पाऊल पुढे, दोन पायऱ्या वर. पुढच्या पानावर तोच जिना आलेखाच्या कागदावर येतो आणि रेघ होतो. एक्स एकानं वाढला की वाय दोनानं वाढतो. संपलं. इतकं सोपं की रडू यावं.

मग मी तुमच्या भाषेत आलो. प्रकाशनाच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "आपल्या वाचकाला उलटं पुस्तक झेपणार नाही. सरळ करून टाका." कॉम्प्युटरवर बसलेल्यानं एक बटण दाबलं आणि माझं पान न् पान आरशातल्यासारखं फिरलं. उजवी माणसं डावखुरी झाली. उजवीकडे चढणारा जिना उजवीकडे उतरायला लागला. चित्रातली अक्षरंही उलटी झाली, म्हणून ती खोडून नवी बसवली. आलेखावरचे आकडे मात्र सवयीनं पुन्हा डावीकडून उजवीकडे टाकले. झालं. खाली लिहिलंय 'वाय बरोबर दोन एक्स', आणि वर रेघ घसरगुंडीसारखी खाली चाललीये. गणित तपासणारे म्हणून ज्या प्राध्यापकांचं नाव माझ्यावर छापलंय, त्यांनी फक्त स्वतःच्या नावाचं शुद्धलेखन तपासलं.

मला एका शाळेनं घेतलं. हौसेनं नव्हे, 'चित्रांतून गणित' नावाची योजना वरून आली होती म्हणून. माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि काचेच्या कपाटात उभं केलं. कपाटाला कुलूप. मुलांनी हात लावला तर पुस्तक खराब होईल ना. मी ज्यांच्यासाठी काढलेला, ती मुलं काचेला नाक लावून बघायची आणि शिपाई त्यांना हाकलायचा.

गणिताचे सर विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. विनोद एकच होता. कोणाला शून्य मिळालं की ते त्या शून्याला देठ काढायचे, डोळे काढायचे, भोपळा करायचे. एका मुलीला असे बरेच भोपळे मिळाले. सर तिला भोपळाबाई म्हणायला लागले, मग वर्ग भोपळा म्हणायला लागला, आणि तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. तिच्या आईचं केस कापायचं दुकान होतं. आई म्हणायची, "सर मायेनं चिडवतात गं." काय माया.

एके दिवशी योजनेचे पाहुणे आले. त्यांच्यासमोर आदर्श पाठ घ्यायचा होता. त्या सकाळी सरांनी मला पहिल्यांदा उघडलं. वाचलं नाही, उघडलं. जिन्याचं पान फळ्याशेजारी टेकवलं आणि माझा आलेख जसाच्या तसा उतरवला. पडती रेघ. शेजारी सुवाच्य अक्षरात 'वाय बरोबर दोन एक्स'. पाहुण्यांनी मान डोलावली, कारण पाहुण्यांचं कामच ते. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत सर, मुख्याध्यापिका, पाहुणे, आणि मधोमध ती रेघ. तो फोटो मोठा करून कॉरिडॉरमध्ये लावला. शाळेला 'उपक्रमशील शाळा' म्हणून ढाल मिळाली.

पाहुणे गेल्यावर मला कुलूप लावायचं राहिलं. भोपळाबाईनं मला दप्तरात घातलं. ही माझ्या आयुष्यातली एकमेव बरी चोरी.

तिनं मला खरोखर वाचलं. दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून, केसांच्या क्लिपा खुणेला लावत. नायिका कुठे अडखळते, कुठे हसते, सगळं तिला कळलं. जिन्याच्या पानावर ती थांबली. तिनं स्वतः बिंदू मांडून बघितले. रेघ वर गेली. माझ्या चित्रात खाली. तिनं आपली रेघ खोडली, पुन्हा मांडली, पुन्हा वर गेली, पुन्हा खोडली. चूक आपलीच असणार, अशी तिची खात्री होती. इतकी वर्षं भोपळा म्हटल्यावर दुसरं काय होणार. माझ्या पानांना तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

आईनं कंगवा मागितला. मला आरशाखालच्या फळीवर उघडंच ठेवून मुलीनं कंगवा दिला आणि सहज वर बघितलं. आरशात जिना चढत होता. रेघ वर जात होती, अगदी तिनं काढलेल्या रेघेसारखी. नायिकेच्या उजव्या हातात खडू होता. ती मला उचलून कितीतरी वेळ आरशासमोर धरून उभी राहिली.

"डोक्यावर परिणाम झालाय का?" आई म्हणाली. "गिऱ्हाईक बघतंय."

"आई, मी बरोबर आहे."

"बरोबर असशील तर केस झाड आता."

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना एकटं गाठलं. सरांनी तिचे बिंदू बघितले, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी स्वतः पाहिलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "बघू. वर्गात बोलू नकोस." मूर्ख माणसाला मी माफ करतो. पण हा माणूस मूर्ख नव्हता, तेच तर.

मग परीक्षा. योजनेचा निकाल वर पाठवायचा होता, म्हणून पेपरात तोच प्रश्न. अख्ख्या वर्गानं कॉरिडॉरमधल्या फोटोसारखी पडती रेघ काढली. हिनं चढती काढली. आता हिला गुण द्यायचे तर वर्ग चुकला, फोटो चुकला, ढाल चुकली. सरांनी सोपा मार्ग काढला. हिच्या पेपरवर भोपळा काढला, देठासकट. तेवढ्यानं ती गणितात नापास झाली, आणि नापास म्हणजे त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आईला बोलावलं. मी मुलीच्या दप्तरात होतो.

"मॅडम, तिला एक संधी द्या," आई हात जोडून म्हणाली.

"देणारच आहोत. कृपागुण देऊ की. फक्त तिनं कबूल करावं की तिचं चुकलं, आणि सरांना उलट बोलल्याबद्दल माफी मागावी."

"मी उलट बोलले नाही. पुस्तक उलटं आहे," मुलगी म्हणाली. "ती रेघ वर जाते, बाई."

"फोटोत खाली जाते."

"फोटो चुकलाय."

"फोटो कसा चुकेल? फोटोत पाहुणे आहेत."

मुलीनं मला बाहेर काढलं. हात धुवायच्या बेसिनवर एक आरसा होता. तिनं मला त्याच्यासमोर धरलं. खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. जिना चढला, रेघ चढली. सर खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गणित आरशात बघून करायचं नसतं, बाळ."

इतकी शिकलेली माणसं, भिंतीवर पदव्या टांगलेल्या, आणि एवढं एक वाक्य त्यांना सुचलं.

आईनं मुलीचा दंड धरला. "म्हणून टाक गं सॉरी. काय झिजतंय तुझं? जन्मभर माझ्यासारखी लोकांचे केस झाडणार आहेस का?"

"मला कृपेचे गुण नकोत. उत्तराचे पाहिजेत," असं म्हणून ती दाराबाहेर पडली. मी तिच्या काखेत होतो. मागे आईचा आवाज ऐकू आला. मुलीच्या वतीनं ती माफी मागत होती. मुलीनं तोही ऐकला, आणि तिची पावलं थांबली नाहीत.

माफी चालली. मोठ्यांनी मोठ्यांची माफी मागितली, मोठ्यांनी ती स्वीकारली, आणि भोपळा पास झाली. नव्या वर्गात तिचं नाव पुकारलं जातं. ती जात नाही. आई आधी ओरडली, मग रडली, मग शेजारणीला सांगत राहिली की पोरगी हट्टी निघाली. पास करून आणली तरी हिचं आपलं तेच, म्हणाली. मुलीनं एकदाच उत्तर दिलं: "तू मला पास नाही केलंस, खोटी ठरवलंस." त्यानंतर दोघी कामापुरतं बोलतात. एकीकडे कात्री चालते, दुसरीकडे झाडू. बाहेरून परीक्षेला बसायचं असं मुलीच्या मनात आहे. कोणाला सांगितलेलं नाही, पण माझ्या समासात तिनं सगळी उदाहरणं सोडवलीयेत, आणि सगळी बरोबर आहेत.

मी आता दुकानात, आरशाखालच्या फळीवर, जुन्या मासिकांच्या ढिगात असतो. माझ्या एका कोपऱ्यावर केसांच्या रंगाचा डाग पडलाय. एका बाईंनी माझं मुखपृष्ठ पंख्यासारखं वापरून मोडलं. शाळेचा शिक्का अजून पाठीवर आहे, पण मला परत मागायला कोणी आलेलं नाही. मागायचं तर कशासाठी ते सांगावं लागेल, आणि सांगायचं तर जिन्याचं पान उघडावं लागेल.

माझ्याकडे दयेनं बघून काही होणार नाही, आणि मोठ्यांना शहाणपण शिकवायची मला हौस नाही. एकच मागणं आहे. कॉरिडॉरमधला तो फोटो अजून तिथेच आहे. आता नवी मुलं त्याच्याखाली उभी राहून पडती रेघ पाठ करतात. तो उतरवा. उतरवायची लाज वाटत असेल, तर त्याच्यासमोर एक आरसा तरी लावा.

आरसा आमच्या दुकानात आहे. मुलगी म्हणते, ती स्वतः आणून लावेल. फक्त तेवढ्यासाठी ती त्या शाळेत पाऊल टाकायला तयार आहे.