हवालदाराचा वाटा

मी एक म्हातारा कुत्रा आहे. विट्याजवळच्या एका मळ्यात राहतो. माझे मालक जोतीराम सुभेदार म्हणून फौजेतून परतले. हाताखाली कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी माझं नाव हवालदार ठेवलं.

मित्रांनो, मी कामात कधी कसूर केली नाही. ऊसतोडीत शेवटच्या सऱ्या उरल्या की आत दडलेले ससे बाहेर पळत. एखादा मी धरायचो. तो घरी चोरून शिजे आणि त्याची आतडी माझ्यापुढे पडत.

"घे रं हवालदार, तुजा वाटा!" मालक म्हणत. एवढी शाबासकी मला पुरे होती.

दोन वर्षांपूर्वी तोडीत सशाचं मुठीएवढं पिल्लू सापडलं. मालकांची नात क्रांती त्याला ओढणीत घेऊन आली.

"लांडग्याच्या दारात कोकरू आणलंस की गं!" मालक हसले.

"आवं आबा, हवालदार माजं ऐकतो." तिने माझ्यावर बोट रोखलं. "ह्याची राखण करायची. लांब जायाचं न्हाई."

मी गेलो नाही. मांजरं हाकलली, घारींवर भुंकलो. पिल्लू माझ्या बसायच्या बांधावरची हरळी खाई आणि थंडीत माझ्या पोटाला चिकटून निजे.

अडीच महिन्यांनी त्याने खाणं सोडलं. कणा हाताला लागू लागला, पोट मात्र फुगलं. एका सकाळी ते उठलंच नाही.

गुरांचे डॉक्टर म्हशीला तपासायला आले होते. क्रांतीने हट्ट धरला, म्हणून त्यांनी पिल्लाचं पोट उघडलं. आत वाटाण्याएवढे पाण्याचे फोड होते, घडच्या घड.

"कुत्र्याला सशाची आतडी घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. त्याचा वाटा हाय त्यो," मालक म्हणाले.

"या फोडांत जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि तेच गवत ससा खातो. या कुत्र्याला जंताचं औषध कधी दिलं होतं?"

"कदीच न्हाई," मालक म्हणाले. क्रांतीने बांधावरच्या हरळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रागावली नाही. माझ्या डोक्यावरचा हात तिने हळूच काढून घेतला.

आता शिकार बंद आहे. दर तीन महिन्यांनी मला गुळातून गोळी मिळते. बांधावर हरळी पुन्हा वाढली आहे. मी तिथे बसत नाही.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याला कच्ची आतडी घालू नका. जंताची गोळी चुकवू नका. पोटात काय वाढतंय, ते आम्हाला कळत नाही. राखण सांगितली की आम्ही अगदी जवळ जाऊन बसतो.