पोलाद उठत नाही

पोलाद मेला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

मेला म्हणजे रिंगच्या मधोमध उताणा पडला. ही मातीतली कुस्ती नव्हे, दिव्यांची, दोरांची आणि चमचमत्या पोशाखांची. वादळ नावाच्या पैलवानाने त्याला डोक्यावर उचलून आपटलं, खालच्या फळ्या दणाणल्या आणि पंचाने हात वर करून लढत थांबवली. "प्रेक्षकांत कुणी डॉक्टर आहेत का?" अशी हाक गेली. एक डॉक्टर पुढे गेले. मी त्यांना चांगली ओळखते. माझं औषधाचं दुकान आहे, त्यांच्या चिठ्ठ्या रोज माझ्याकडे येतात. सरळ माणूस, कुणाचा मिंधा नसलेला. त्यांनी पोलादचं एक मनगट धरलं, मग दुसरं धरलं. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "नाडी लागत नाही."

आणि मग धुराच्या यंत्रातून भसाभस धूर सुटला नि स्पर्शगुरू अवतरले. पांढराशुभ्र झगा, खांद्यापर्यंत केस आणि कॉलरला टोचलेला एवढासा माइक. त्या माइकमुळे त्यांचा नुसता श्वाससुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

"मृत्यो, मागे सर!" ते गरजले. "मी नाडी बघत नाही, मी नाडी देतो! मी औषध देत नाही, मी आयुष्य देतो! विज्ञान जिथे हात टेकतं, तिथे मी हात ठेवतो!"

त्यांनी पोलादचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. स्टेडियम चिडीचूप. पोलादचं एक बोट हललं. मग मनगट, मग कोपर, आणि मग तो धिप्पाड माणूस डोळे चोळत उठून बसला. लोकांनी जो काय आरडाओरडा केला! अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

एकच माणूस दर शनिवारी कसा मरतो, हा प्रश्न कुणालाही पडत नव्हता. चुकून पडलाच तर उत्तर तयार होतं: मृत्यूचा त्याच्यावर डोळा आहे.

माझ्या शेजारी माझी आई हुंदके देत होती. कारण पोलाद म्हणजे आमचा धाकटा. तिच्या पोटचा मुलगा, माझा सख्खा भाऊ.

कुस्त्या संपल्या की खरा खेळ सुरू व्हायचा. दुखणाइतांची रांग लागायची आणि स्पर्शगुरू एकेकाचा हात हातात घ्यायचे. अट एकच. "ज्याचा औषधावर विश्वास, त्याला माझा स्पर्श लागत नाही." ही अट ज्याने शोधली त्याची हुशारी मानली पाहिजे. बरं वाटलं तर गुरूंचा गुण, नाही वाटलं तर तुम्ही चोरून गोळी घेतलेली असणार.

शहरात काय चाललंय ते मला माझ्या दुकानातल्या फळ्यांवर दिसत होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचे डबे हलेनात. फ्रिजमधलं इन्सुलिन तसंच पडून राहू लागलं. फिट्सचा आजार असलेल्या एका पोरीचा बाप अर्धी पट्टी काउंटरवर ठेवून म्हणाला, "ही परत घ्या. आता लागणार नाही."

"परत घेत नाही. आणि तिला आज रात्रीची गोळी द्या," मी म्हटलं.

"तुमचा धंदा बसला म्हणून पोटात दुखतंय तुमच्या," असं म्हणून तो पट्टी तिथेच टाकून गेला. मी औषध विकणारी; मी औषध घ्या म्हटलं की ऐकणार कोण?

घरीही तीच गत. आईला कित्येक वर्षांचा मधुमेह. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरत आली होती आणि नेमकी तेव्हाच तिने इंजेक्शनं सोडली. मी समोर बसून टोचलं तर पुढच्या वेळी दाराला कडी लावून बसायची. कुंडीतल्या मातीत मला इन्सुलिनचा वास आला तेव्हा कळलं, ती बाटल्या तिथे ओतत होती.

"आई, अंगठा काळा पडलाय."

"शनिवारी गुरू हात लावणार आहेत. कुस्त्यांच्या मालकांनी स्वतः निरोप पाठवलाय. पोलादची आई म्हणून पहिला मान माझा."

"तोवर पाय राहील का?"

"मेलेला मुलगा उठवला त्यांनी माझा! आणि तू मला अंगठ्याचं सांगतेस?"

तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला उचलून दवाखान्यात नेलं, तर समोर नेमके तेच डॉक्टर. ते म्हणाले, "आज अंगठा काढला तर पाय वाचेल. शनिवारपर्यंत थांबलात तर अंगठ्यावर भागणार नाही." आईने सही करायला साफ नकार दिला. वर त्यांनाच विचारलं, "नाडी लागत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" डॉक्टरांनी "हो" म्हटलं. खोटं त्यांना बोलता येईना आणि खरं त्यांना माहीत नव्हतं.

खरं माहीत होतं फक्त धाकट्याला. त्याला मी दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, मला काही विचारू नकोस."

"विचारत नाहीये. आईच्या पायाचा वास येतोय, तो तुला येतो का एवढंच सांग."

तो खोक्यांवर बसला. एवढा मोठा गडी, पण गुडघ्यात मान घालून बसला.

"आमच्यात पहिला नियम आहे, बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. रिंगमध्ये पाय मोडल्याचं दाखवलं तर घरी पण लंगडायचं."

मला एकदम आठवलं. मागे हा महिनाभर लंगडत होता. आई रोज संध्याकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची. त्या पायाला काहीएक झालेलं नव्हतं! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"बोललो तर मालक काढून टाकत नाही, ताई. तो हरवतो. कोण जिंकणार, कोण पडणार, किती वेळ पडून राहणार, सगळं तो मागच्या खोलीत बसून ठरवतो. पंचाच्या कानात यंत्र असतं. मालक त्याच्या कानात बोलतो, पंच आमच्या. एकजण बाहेर बोलला होता. तो आधी म्हाताऱ्यांकडून हरला, मग नवशिक्यांकडून हरला. पोस्टरवर त्याचा फोटो बारीक होत गेला आणि एक दिवस गेलाच. आता त्याला कुठेच कुणी घेत नाही. मला दुसरं येतं काय? मला फक्त पडता येतं."

"आणि तुझे गुरू?"

"कसले गुरू! आधी माइकवर आमची नावं पुकारायचा. आवाज चांगला म्हणून मालकाने झगा घातला त्याला."

मग त्याने खिशातून दोन रबरी चेंडू काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने आईला सगळं दाखवलं. दोन्ही काखांत चेंडू धरले, दंड अंगाशी दाबले आणि आईची बोटं आपल्या मनगटावर ठेवली. "बघ आई, दंडातली रक्ताची नळी दाबली जाते. हृदय चालूच असतं, फक्त मनगटाशी ठोका लागत नाही. आणि जाड कातडी बंडी घातली की श्वास दिसत नाही. तो माझा हात धरतो ना, तेव्हा दाबतो. पडलेल्याचा हात दाबायचा, ही आमची खूणच आहे. त्याने दाबला की मी उठतो. तू दाबलास तरी उठेन."

तो फरशीवर आडवा झाला. आईने मनगट चाचपलं. ठोका नाही. मला वाटलं, सुटलो आपण एकदाचे.

आईचे डोळे भरून आले. "म्हणजे आता तुला गुरूंशिवायसुद्धा येतं! केवढी कृपा! त्यांचा गुण तुझ्यात उतरला रे!"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी हरले होते, खोटं कशाला सांगू? जिला खोटं उघडं करून दाखवलं तरी त्यात चमत्कारच दिसतो, तिला आणखी काय दाखवायचं?

शनिवारी निघताना धाकटा दारात थांबला. "ताई, आज तू आईच्या अगदी जवळ बस."

"का? काय करणार आहेस?"

"काही नाही करणार," तो म्हणाला.

आईची खुर्ची रिंगला लागून मांडली होती. पायाला पांढरं स्वच्छ फडकं, मालकाच्या माणसांनी वरून अत्तर मारलेलं. तिला ताप चढला होता, हात भाजत होता. मी तिच्या शेजारी बसून मनात नुसती मिनिटं ढकलत होते.

वादळने पोलादला उचलला, आपटला. पंचाने हात वर केले. आज वेगळेच कुणी डॉक्टर गेले, नाडी नाही म्हणाले. धूर सुटला. "मृत्यो, मागे सर! विज्ञान जिथे हात टेकतं..." सगळं तसंच. स्पर्शगुरूंनी हात हातात घेतला.

बोट हललं नाही.

"जागा हो!" गुरू म्हणाले. मग जरा जोरात, "जागा हो!" लोक वाट बघत होते. पंचाने कानावर हात दाबला, त्याचा चेहरा पडला, तो वाकून गुरूंशी कुजबुजला. गुरू पोलादच्या तोंडाजवळ वाकले. आणि त्यांची कुजबुज दिव्यांच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून स्टेडियमभर पसरली, कारण कॉलरचा माइक चालूच होता:

"अरे ऊठ ना! दाबला ना मी हात! दोनदा दाबला! मालक तिकडे शिव्या घालतोय, ऊठ लवकर!"

मग मागून कुणीतरी हसलं. दुसरीकडून कुणी ओरडलं, "परीक्षा आहे ही! पोलादने पाप केलंय!" अशी माणसं असतातच, कानाने ऐकलेलंसुद्धा त्यांना ऐकायचं नसतं. पंच आता उघडउघड धाकट्याच्या बरगड्यांत बुटाचं टोक खुपसत होता. मागच्या पडद्याआडून मालक स्वतः बाहेर आला. त्या माणसाला मी पहिल्यांदाच पाहिलं. साधा, टक्कल पडलेला, हातात फोन. त्याने दिवे घालवायची खूण केली.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

आई एका पायावर लंगडत रिंगपर्यंत पोचली होती. खालच्या दोराखालून ती अंग ओढत आत शिरली. फडकं सुटून मागे राहिलं, आणि तो पाय पुढच्या रांगांतल्या सगळ्यांना दिसला. लोकांनी नाकाला हात लावले. गुरू चटकन बाजूला झाले, हे मी विसरणार नाही. शेकडो माणसांच्या दुखण्यांवर हात ठेवणारा माणूस त्या पायाला बघून दोन हात मागे सरला.

आई धाकट्याजवळ बसली. त्याचा हात घेतला. आणि दाबला.

धाकटा उठून बसला.

कुणी ओरडलं नाही. आईने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत एक मारली. गुरूंच्या माइकमधून तोही आवाज लांबवर गेला. मग ती म्हणाली, "काढ ते चेंडू."

त्याने काखेतून चेंडू काढून फळ्यांवर टाकले. ते उड्या मारत दोरांखालून लोकांत गेले.

"चल. मला दवाखान्यात ने," आई म्हणाली.

अंगठ्यावर भागलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिने चादरीवरून हात फिरवला आणि जिथे चादर सपाट होती तिथे थांबली. धाकटा पलंगाच्या कडेला तिचा हात धरून बसला होता. ती त्याला म्हणाली, "तू उठलास रे. हा पाय मात्र कुणी कितीही हात दाबला तरी उठायचा नाही." त्यावर तो ढसाढसा रडला. मीही रडले. तीच तेवढी रडली नाही.

धाकट्याला आता कुठल्याच रिंगमध्ये घेत नाहीत. तो माझ्या दुकानात खोकी उचलतो. फिट्सच्या पोरीचा बाप येतो, गोळ्या घेतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. मी त्याला काही बोलत नाही, कारण माझ्या घरातही तेच घडलं होतं. आणि परवा एका गिऱ्हाइकाने फोनवर एक पोस्टर दाखवलं. दुसरं शहर, तोच झगा, मरायला नवा पैलवान.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या शहरात तो येईल, या नावाने नाही तर दुसऱ्या. तुमच्या डोळ्यांदेखत कुणीतरी मरेल आणि उठेल. तेव्हा उठवणाऱ्याकडे बघत बसू नका. जो उठला तो कुणाच्या नोकरीत आहे, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तुमची गोळी वेळेवर घ्या.