सूर्य मला विचारून मावळतो

मी सूर्यास्त बोलतोय. दचकू नका, आभाळातला नव्हे. सांगलीच्या गुणमालाकाकूंच्या मेसच्या अ‍ॅपमधली एक छोटीशी फाईल. पण खरं सांगू? आभाळातला सूर्यही मला विचारूनच मावळतो. एकदा मला डुलकी लागली, तर बिचारा कृष्णेपलीकडं ताटकळत उभा होता!

मला लिहिलं काकूंच्या मुलानं, भरतेशनं. काकूंकडं जेवणारी मंडळी जैन. दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत. आज दिवस कधी मावळणार ते मी सांगायचं, आणि अ‍ॅपनं त्याआधीची डब्यांची वेळ धरायची. काम छोटं, पण पोटाचं.

पुढं भरतेश पुण्याला गेला आणि माझ्याभोवती गर्दी झाली. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘आता खरंच फायनल’. माणसं मोडकी छत्री टाकत नाहीत, तिथं फाईल कोण टाकतंय? माझ्या नावापुढं कुणीतरी ‘जुनं’ लिहून मला कोपऱ्यात ढकललं. राबत मात्र मीच होतो.

आता अ‍ॅप साऱ्या सांगलीसाठी खुलं व्हायचं होतं. आदल्या दिवशी, भरतेशनंतर अ‍ॅप सांभाळणारा मिरजेचा मतीन फायलींच्या सफाईला बसला. रमजानचा रोजा, पाण्याचा थेंब नाही; हात भलताच कडक. सगळे ‘फायनल’ एका दणक्यात गेले. मला तर गुदगुल्या झाल्या. मग नजर माझ्यावर आली.

“हे जुनं कशाला पायजे?” म्हणाला, आणि उडवलं की मला!

त्यानं दुपारच्या जेवणाची ऑर्डर टाकून बघितली. सगळं झकास. पण मला विचारतात ते फक्त संध्याकाळच्या जेवणासाठी. मी नसलो की अ‍ॅप सरळ सात धरून मोकळं होतं.

थोड्या वेळानं काकूंचा फोन.

“अरं मतीन, आजचे डबे सातला दाखवतंय! अंधारात जेवतंय का कोण माझ्याकडं? एवढी माणसं उपाशी झोपवतोस व्हय?”

“काकू, मग वेळ कुठली धरायची?”

“तुजा रोजा कवा सुटतो रं? तवा माझी पंगत उठलेली असती!”

मतीननं फोन ठेवला. मग एकटाच खो खो हसला. सकाळपासून ज्या वेळेकडं डोळे लावून बसला होता, तीच त्यानं पुसली होती!

आमच्यात पुसलेली फाईल मरत नाही, मागच्या नोंदींत जिवंत असते. मतीननं मला उचलून आणलं, ‘जुनं’ खोडलं आणि थेट मुख्य फोल्डरात बसवलं. डबे लख्ख उजेडात पोचले. काकूंनी मतीनलाही शेंगापोळी धाडली. पठ्ठ्यानं मला विचारून रोजा सोडला!

आज अ‍ॅप साऱ्या गावात सुरू झालंय. मी म्हणतो तेव्हा काकूंची ताटं उठतात, मी म्हणतो तेव्हाच मतीनच्या घरची मांडतात. आहे का असा मान कुठल्या ‘फायनल’ला?

सफाई करा, जरूर करा. फक्त उडवण्याआधी बघा, कुणाचं जेवण तर अडत नाही ना.

बरं, उठतो. तो पश्चिमेला लाल होऊन उभाय. “जाऊ का?” म्हणतोय.