उलटा पीळ

खडा निघत नव्हता. टायरच्या खाचेत रुतून बसलेला, हरभऱ्याएवढा, काळपट... देवजीने दाभणाचं टोक घालून पाहिलं, नख घालून पाहिलं आणि एकाएकी हात मागे घेतला. म्हशाच्या जत्रेच्या माळावर असलेच खडे असतात. असलेच म्हणजे काय, खडे सगळीकडे सारखेच, हे त्यालाही कळत होतं. पण चाक कुणाचं आहे, तेही कळत होतं.

कुंडलिकशेठची चार चाकं. शेठ नाशकाला राहायला गेला, जुनी मोटार मुरबाडातच मोडीत निघाली, चाकं तेवढी चांगली राहिली. तसलीच दुसरी मोटार घेतलीय, तिला होतील, पाठवून द्या, असा निरोप आला होता. यमाजीच्या पडवीत देवजी पार्सलं बांधत असे, तिथून एस.टी.च्या टपावरून कल्याण आणि पुढे रेल्वे. शेठच्या माणसाने बजावून सांगितलं होतं, की चाकांवरच्या चकचकीत टोप्यांना ओरखडासुद्धा येता कामा नये.

टोप्या! देवजीच्या छातीत कढ उसळला. दोन वर्षांमागची जत्रा — बैलबाजाराच्या कडेला मोटार मागे आली, वेणूचा पाय चाकाखाली गेला, पोर किंचाळत होती, आणि शेठ दार उघडून उतरला तो आधी चाकापाशी वाकला. खिशातून रुमाल काढून त्याने टोपी पुसली, अगदी सावकाश, मग मान वर केली आणि म्हणाला, गुरं सांभाळता येतात, पोरी नाही सांभाळता येत? आणि मी काय केलं... मी हात जोडले. माझीच पोर, माझेच हात. त्या चारांतलं चाक नक्की कोणतं, हे आता कोण सांगणार? चारही सारखीच चकचकत होती.

दाभण टायरात खुपसावं... पण मग नाव यमाजीचं खराब होईल, आणि यमाजीने कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. देवजीने पेंढ्याची मूठ उचलली. चाकाभोवती गुंडाळायला पेंढ्याचे लांब बंध वळावे लागतात. उजवा तळहात पुढे, डावा मागे, हे लहान पोरालाही येतं. देवजीने डावा पुढे घातला.

उलटा पीळ फक्त तिरडीच्या बंधाला देतात. एरवी कुणी देत नाही, घरात तर नाहीच नाही.

हात आधी अडखळले, मग चालायला लागले. घे, शेठ... तुझ्या चाकाला तुझीच तिरडी बांधतो. आणि त्याला बरं वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. पण बंध वाटेत सुटला, तुटला, तर सगळंच फुकट. शाप पोचायचा तर बंध धड पोचायला हवा. म्हणून त्याने पेंढा दुप्पट घेतला, दोन-दोन चाकं तोंडाला तोंड लावून मध्ये जाड गादी घातली, टोप्यांवर जुनं धोतर फाडून ठेवलं, वर गोणपाट ओढून बारीक टाके घातले. एवढी माया त्याने कधी कुठल्या पार्सलावर केली नव्हती. यमाजी येऊन गाठोड्यावर थाप मारून हसला.

"लेकीची पाठवणी केल्यागत बांधलंस रे."

देवजीने शेवटच्या टाक्याचा दोरा तोडला. दुपारची एस.टी. गेली. टपावर दोन्ही गाठोडी डुलत वळणाआड झाली, तोवर तो उन्हात उभा होता. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, असं मनाशी म्हणत तो घरी आला.

अंगणात वेणू पेंढा भिजवून बसली होती. परवा तिचा मांडव. उंबरमाळीकडचा बिजवर, पण पायाचं बघूनही हो म्हणाला होता. आणखी काय पाहिजे? मेढी रोवून झाल्या होत्या, बंध तेवढे वळायचे होते. वेणूने लंगडा पाय बाजूला घेऊन पेंढ्याचं एक टोक धरलं, दुसरं देवजीने. सवयीने तळहात फिरू लागले. मन अजून एस.टी.च्या टपावर होतं — आता सरळगाव गेलं असेल, आता...

"बा, पीळ उलटा पडतोय."

त्याने खाली पाहिलं. डावा तळहात पुढे होता. त्याने घाईघाईने बंध उलगडला, उजवा पुढे घातला, पुन्हा वळू लागला. चार वेढे सरळ गेले आणि पाचव्याला हात आपोआप मागे-पुढे झाले. तिरडीच्या त्या पिळाचं समोरचं टोक वेणूच्या हातात होतं, घट्ट धरलेलं.

"सोड गो," तो म्हणाला. "सोड ते टोक."

"का? काय झालं?"

तो हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. दूर कल्याणच्या रस्त्याला त्या वेळी टपावरची गाठोडी कशी घट्ट, कशी जपून चालली असतील... वाटेत कुणीतरी ती पाडावी, गोणपाट फाटावं, एखाद्या भुकेल्या गुराने पेंढा ओढून खाऊन टाकावा, असं त्याला वाटू लागलं. दोन वर्षांत आज पहिल्यांदाच तो शेठच्या जिवासाठी देवाला विनवत होता, आणि समोर वेणू टोक धरून वाट पाहत होती.