काळी पोत

मंजुषानं बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि चित्रातल्या सुरभीच्या गळ्याशी नेऊन थांबवला.

"थांबल्या काहून?" मागून सदाशिवराव म्हणाले.

"काका, तुम्ही दिलेल्या फोटोत मुलीच्या गळ्यात काहीच नाही."

"म्हनून तं मंगळसूत्राची पोत काढा म्हनून सांगून राह्यलो. जावई हाये न. सवाष्ण गेली ते. बोडका गळा भिंतीवर टांगला त लोक काय म्हनतीन?"

सदाशिवराव घाटंजीला तहसिलीत कारकून होते. नोकरी सुटली, पण लोकांचा धाक काही सुटला नाही. सुरभी नवऱ्याचं घर सोडून चार वर्षं त्यांच्याकडे राहिली आणि गेल्या साली काविळीनं गेली. तेवढ्या काळात 'माहेरपणाला आली आहे' हे एकच उत्तर त्यांनी साऱ्या गावाला पुरवलं. उद्या तिचं वर्षश्राद्ध होतं. पुसदहून जावयाकडची मंडळी येणार होती आणि चित्र त्यांच्यादेखत लागायचं होतं.

मंजुषा शाळेत चित्रकला शिकवी आणि गेलेल्या माणसांची चित्रं काढून देई. दागिने ती अगदी शेवटी, घरच्यांना समोर बसवूनच रंगवायची. पाटल्या होत्या की गोठ, यावरून मागे भावाभावांत जुंपलेली तिनं पाहिली होती. आज मात्र सुरभीची आई, कोकिळाबाई, आल्यापासून नुसत्या त्या गळ्याकडे बघत होत्या. मंजुषाला त्यांच्याकडे पाहवेना.

तिनं पहिला मणी काढला, मग दुसरा. पोत गळ्यावरून वळून छातीवर उतरली. सदाशिवरावांनी समाधानानं मान हलवली.

"ओला हाये का थो रंग?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"हो."

त्या उठल्या. टेबलावरचं फडकं उचलून चित्रापाशी गेल्या.

"कोकिळा, बस खाली!"

"नाई बसत. त्यानं हेच धरून ओढलं होतं तिले. वळ तुमीबी पाह्यला. वरून तुमीच मले म्हनलं, कोनाजवळ बोलू नोको. मी नाई बोलली."

त्या पुसत राहिल्या. सदाशिवराव तरातरा पुढे आले आणि त्यांनी बायकोचं मनगट धरलं. मंजुषा घाबरून उभी राहिली. पोरीच्या गळ्यावर काळा रंग फरफटला होता. सदाशिवराव त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मनगट सोडलं.

"हळू," ते म्हणाले. "लागन तिले."