चौदा पत्रांची थैली

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमचे वडील समुद्रापलीकडे आहेत. मधे इतकं पाणी की जहाजाला पार करायला महिने लागतात, आणि तेही वाऱ्याच्या मर्जीने. वारा अर्धं वर्ष तिकडून इकडे वाहतो, अर्धं वर्ष इकडून तिकडे. टपाल नाही, जासूद नाही. पत्र यायचं ते कुणा अनोळखी प्रवाशाच्या कमरेला बांधून. तो आजारी पडला की पत्रही आजारी पडलं म्हणायचं. आलं ध्यानात? आता उघडा डोळे. मेलूर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं असंच होतं.

कुआला तीराम बंदरात मेलूर आपल्या आईबरोबर राहायची. आईचं नाव रुबिया. वारा फिरेपर्यंत अडकून पडलेल्या प्रवाशांना रुबिया आपल्या घरी उतरवून घ्यायची आणि दोन वेळा रांधून वाढायची. तिचा नवरा दाऊद जहाजाच्या फळ्या काथ्याने शिवणारा कारागीर. चार वर्षांपूर्वी एका गळक्या जहाजाबरोबर तो पश्चिमेला गेला, आणि मग त्याची काही खबरच आली नाही.

त्या वर्षी खंबायतच्या जहाजातून ख्वाजा इल्यास उतरला. उतरला कसला, दोन खलाशांनी त्याला झोळीतून रुबियाच्या घरी आणला. माणूस मूळचा बुखाऱ्याचा. अकरा वर्षं घराबाहेर. अंगात ताप फणफणत होता, तरी प्रश्न थांबत नव्हते. हे झाड कुठलं, या माशाला काय म्हणता, छपराला पानं कुठली? रुबियाने दुरियानचं काटेरी फळ फोडून पुढे ठेवलं तर नाक दाबून म्हणाला, "बाई, घरात कुणी मेलंय का?" मग एक गर खाल्ला, आणि दुसरा मागितला.

"तापात दुरियान खाऊ नये म्हणतात," मेलूर म्हणाली.

"म्हणतात ना? मग मी तिसरा नाही खाणार." त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "पोरी, दाऊदची कुणी इथे राहते का? फळ्या शिवणाऱ्या दाऊदची?"

मेलूरच्या हातातली वाटी कलंडली. "मी. मीच. बापा कुठे भेटले तुम्हाला?"

"कोल्लमला. डाव्या हाताची करंगळी अर्धी नाही, तोच ना? काम करताना शीळ घालतो, तीही बेसूर?"

आत तांदूळ पाखडणाऱ्या रुबियाचं सूप थांबलं. "बेसूर असेल तर तोच," ती म्हणाली.

ख्वाजाने उशाखालची थैली थोपटली. मेणकापडाची, चारही बाजूंनी घट्ट शिवलेली. "त्याचं पत्र आहे यात. कोल्लम सोडतोय म्हणाला. दुसऱ्या एका बंदरात त्याला कायमचं काम मिळालंय. म्हणाला, उत्तर याच परतीच्या वाऱ्याने आलं पाहिजे. नाही आलं, तर बायकोने दुसरं घर केलं असं धरून चालेन, पुन्हा पत्र टाकून तिला त्रास देणार नाही."

"दुसरं घर करतेय!" रुबिया उसळली. "या घरातली उष्टी भांडी घासून वेळ उरतोय का मला? कुठल्या बंदरात गेलाय तो शहाणा?"

"नाव पत्रात आहे. सांगितलं होतं त्याने, पण थैलीत चौदा पत्रं, चौदा गावं... तापाने सगळ्याची खिचडी झालीय डोक्यात. होर्मुझ? की एडन? नाही बाई, खोटं कशाला सांगू."

"मग उघडा ना थैली!" मेलूर म्हणाली.

दोन्ही मोठ्या माणसांनी नकारार्थी माना हलवल्या. कुआला तीरामची रीत होती तशी. प्रवाशाने आणलेली पत्रं शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत शिवण उसवून, नाव पुकारून द्यायची. मागे कधीतरी एकाने घरी बसून पत्रं वाटली होती, आणि माझ्या पत्रात मोती होते, माझ्यात सोनं होतं, म्हणत लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. तेव्हापासून रीतच पडली. म्हणून तर लांबलांबचे लोक या बंदराच्या नावाने डोळे झाकून पत्रं पाठवायचे.

"आज सोमवार," ख्वाजा म्हणाला. "शुक्रवारी मी उभा राहीन. पहिलं पत्र तुझं काढीन. मग तर झालं?"

बुधवारी दुपारी तो गाढ झोपला होता. थैली उशाखालून घसरून चटईवर आली होती. मेलूरने आईचा अडकित्ता उचलला आणि शिवणीच्या टोकाला लावला.

"ठेव तो," मागून रुबिया म्हणाली.

"एकच टाका, मा. नाव बघून पुन्हा शिवते."

"एक टाका गेला की थैली गेली. तेरा जणांचा जीव आहे त्यात, तुझ्या एकटीचा नाही. परवा तर शुक्रवार आहे." रुबियाने तिच्या हातातून अडकित्ता काढून घेतला. पण घेतल्यावर तीही थैलीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

गुरुवारी भर दुपारी ख्वाजा इल्यास गेला. पाणी मागितलं, मेलूर घेऊन आली, तोवर पाण्याची गरज उरली नव्हती.

बातमी कळताच शाहबंदर आला. बंदराचा कारभार त्याच्याकडे. त्याने ख्वाजाचं सामान एका पेटीत ठेवलं: दोन अंगरखे, कुराण, तुटका चष्मा आणि ती थैली. मग पेटीवर लाख ओतून मोहोर उठवली. परदेशी माणूस इथे मेला की त्याच्या गावचा माणूस येईपर्यंत त्याच्या सामानाला कुणी हात लावायचा नाही, हाही इथलाच कायदा.

"शाहबंदर काका, थैलीतलं सामान त्यांचं नाहीये," मेलूर म्हणाली. "माझ्या बापाचं पत्र आहे त्यात."

"असेल बाळ. पण थैली त्याच्या नावाची."

"मग तुम्हीच उघडा. मशिदीत, सगळ्यांसमोर."

"ती शिवण फक्त आणणाऱ्याने उसवायची." शाहबंदर तिच्यासमोर उकिडवा बसला. "आज तुझ्यासाठी मोहोर फोडली, तर उद्या प्रवासी म्हणतील, या गावात मेलेल्याचं सामान उकरतात. मग कोण उतरेल इथे? कोण पत्र आणेल?"

"बुखाऱ्याहून माणूस कधी येईल?"

"तीन वर्षं. पाच. कदाचित नाहीच." तो उठला, पुन्हा खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "माझा भाऊ होर्मुझला आहे. त्याचंही पत्र असेल यात. मला तरी कुठे ठाऊक आहे?"

शुक्रवारी नमाजानंतर अंगण भरलं. ख्वाजा गेल्याचं कळूनही लोक आले. खंबायतचा दोरखंडवाला आला, दात पडलेला. चिनी कुंभार आला, हाताची माती तशीच. नागपट्टणमची एक विधवा आली, तिचा मुलगा मक्केला गेला होता. थैली मेलूरच्या घरात होती हे सगळ्यांना माहीत. एकेक जण तिच्याजवळ येऊन विचारायचा.

"पोरी, माझं नाव घेतलं होतं का गं त्याने?"

"माझ्या मुलाचं? जरा आठव ना. उंच आहे माझा मुलगा."

मेलूर मान हलवत राहिली. तिला एकच पत्र ठाऊक होतं, आणि तेही अर्धंच. शेवटी ती मशिदीच्या हौदामागे जाऊन बसली. रुबियाने हाताला धरून तिला घरी नेलं.

मग पाऊस झाला, भात पिकला, आणि एके सकाळी वारा फिरला. धक्क्यावर जहाजं माल भरू लागली. रुबिया खंबायतच्या जहाजाच्या कप्तानाकडे, नाखुद्याकडे, गेली. मेलूर तिचा पदर धरून मागे.

"दाऊदला निरोप द्यायचाय," रुबिया म्हणाली. "एवढंच सांगायचं, बायको आहे तिथेच आहे. मुलगी कमरेएवढी झालीय."

"सांगतो की. कुठे असतो?"

रुबियाने पश्चिमेकडे बोट दाखवलं.

"बाई, पश्चिमेला बंदरं आहेत की भाताची शितं?" नाखुदा म्हणाला. चेष्टा करायला सुरुवात केली होती त्याने, पण तिचा चेहरा बघून थांबला. "कुठल्या धक्क्यावर उभा राहून दाऊद, दाऊद ओरडू मी? माझं जहाज जाईल तिथे विचारीन. पण वचन मागू नका."

रुबिया मागे वळली आणि सरळ चालू लागली. पदर मेलूरच्या हातातून सुटला.

मेलूर तिथेच राहिली. जहाजाच्या शिडीजवळ एक म्हातारा चेट्टी व्यापारी आपली पाळी येण्याची वाट बघत होता. नागपट्टणमचा. काखेत शिवलेली थैली. मेलूर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाटच अडवली म्हणा ना.

"हे काय? जकातीवर आता पोरी बसवल्या का?" म्हातारा म्हणाला.

"आजोबा, थैलीत पत्रं किती आहेत?"

"नऊ. का गं?"

"कुणाकुणाची, कुठल्या गावाची, मोठ्याने सांगा मला."

"अगं, थैली शिवलेली आहे ना! हरवत नाहीत पत्रं."

"तुम्ही मेलात तर?"

शिडीवरचा खलाशी खो खो हसला. म्हातारा हसला नाही. वरून नाखुद्याने हाक मारली, दोर सुटत होते. तरी म्हाताऱ्याने थैली खाली ठेवली, तिच्यापाशी मांडी घालून बसला आणि एकेक नाव सांगू लागला. मेलूरने मूठ वळली, पहिलं बोट उघडलं, आणि त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणाली, "पहिलं पत्र, कुंभार लीचं, नागपट्टणमच्या देवळामागच्या सुताराला. दुसरं..."